बाळ्या-वनशाची दुसरी कुस्ती

मिथुननं टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घरी आणला तेव्हापासून नवशीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

डबा तसा जुना. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात मिथुनबरोबर काम करणाऱ्या नविननं स्वतःला नवा घेतला आणि हा मिथुनला देऊन टाकला. पहिली पाळी करून मिथुन दुपारी कैनाडला घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि ताट मांडीवर घेऊन टीव्हीपुढं बसायचा. टीव्हीत कुस्त्या चालायच्या, पण आपल्याकडच्या नव्हेत. माती नाही, हलगी नाही. चारी बाजूंनी दोर बांधलेला उंच ओटा, वर झगझगीत दिवे, आणि केस वाढवलेले आडदांड गडी एकमेकांना उचलून आपटताहेत. नवशी भाकरी थापता थापता एक डोळा तिकडं ठेवायची आणि पुटपुटायची, "ह्याला काय कुस्ती म्हणतात?"

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी मिथुननं हाक मारली, "आये, इकडं ये. बघ कोण आलाय!"

नवशी पदराला हात पुसत आली. टीव्हीत एकच पैलवान उभा होता. सावळा, रुंद छातीचा, मिशा खाली वळलेल्या, कमरेला लाल चड्डी.

"बा आहे," मिथुन म्हणाला. "ह्याच्यात आपल्याला हवा तसा पैलवान बनवता येतो. उंची, रंग, नाक, डोळे, सगळं. मी बा बनवलाय."

नवशीच्या नवऱ्याला, बाळ्याला, जाऊन वर्ष होत आलं होतं. शेतावर राब भाजायला पाला पसरताना छातीत कळ आली, म्हणून बांधावर टेकला तो उठलाच नाही. नवशीनं टीव्हीतल्या माणसाकडं नीट पाहिलं. तोंड काही बाळ्याचं नव्हतं. पण मिथुननं एकही बटण दाबलेलं नसताना तो या पायावरून त्या पायावर भार टाकत होता, खांदे उडवत होता, छाती भरून श्वास घेत होता. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"हा हलतोय कशाला?"

"कोणी खेळत नसलं की तसाच हलत राहतो."

"बंद कर त्याला," नवशी म्हणाली आणि बाहेर गेली. सकाळी झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं. कोंबड्यांना हाकललं, मग हाकललेल्या कोंबड्यांना परत बोलावलं. शेवटी दारातूनच आत डोकावून म्हणाली, "उजवा कान चुरगळलेला होता त्याचा. आणि मिशा एवढ्या जाड नव्हत्या."

मिथुन कोणती कुस्ती टीव्हीत मांडायला बसला होता ते तिला विचारावं लागलं नाही. बाळ्याची कुस्ती म्हटलं की एकच. सव्वीस-सत्तावीस वर्षांमागं हनुमान जयंतीला कैनाडच्या मैदानात ती झाली. समोर तलासरीकडचा वनशा होता, विशीतला, अंगानं सडपातळ आणि सापासारखा निसटणारा. दुपार कलेपर्यंत दोघं मातीत होते. कोणी कोणाला सोडेना, कोणी पडेना. लोक झाडांवर चढले होते, बैलगाड्यांवर उभे होते. पंच बरोबरी द्यायच्या बेतात होते तोच बाळ्यानं ढाक मारली. वनशाची मान नि हात बगलेत आवळून, पायानं पाय उचलून, त्याला स्वतःच्या अंगावरून असा फेकला की पाठ मातीला लागल्याचा आवाज पार मागच्या गाड्यांपर्यंत गेला. वाणगावच्या बाजारात अजूनही जोराचा पाऊस पडला तरी कोणी म्हणायचं, बाळ्यानं ढाक मारली बघा.

नवशी त्या दिवशी एका गाडीवर उभी होती. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पण त्याच पावसाळ्यात तिच्या भावाची, लाडक्याची, मान एका साध्या गावच्या कुस्तीत मोडली. तो मेला नाही, पण उठलाही नाही. त्याला पाणी पाजायलाही माणूस लागायचं. नवशी माहेराहून परत आली ती एकच बोलणं घेऊन : आता लंगोट लावलास तर मी ह्या घरात नाही. पोटात योगिता होती. बाळ्यानं लंगोट खुंटीला टांगला. पुढं तीन वर्षं वनशानं सांगावा धाडला, परत एकदा होऊ दे. तीन वर्षं बाळ्यानं नाही म्हणून कळवलं. लोक म्हणाले, जिंकलेल्या माणसाला परत लढायची गरज काय? बाळ्या मात्र हनुमान जयंती जवळ आली की जेवताना मधेच उठायचा, विहिरीपर्यंत जायचा, यायचा, पुन्हा जायचा. नवशी ते बघायची आणि दुसरीकडं तोंड करायची. आपण केलं ते बरोबर केलं, असं तिला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटत होतं. तरी टीव्हीतला तो माणूस पाय हलवत उभा राहिला की तिला घरात बसवेना.

चारेक दिवसांनी मिथुननं वनशाही बनवला. तो बघून नवशी चुलीवरचं दूध टाकून आली.

"हा कोण राक्षस?"

"वनशा." मिथुन हसत होता. टीव्हीत डोंगराएवढा, टकल्या, तोंडावर काळे पट्टे ओढलेला माणूस दात विचकत होता. "दिपक म्हणाला, समोरचा भयंकर दिसला पाहिजे. ह्या हनुमान जयंतीला समाजमंदिरात पडद्यावर लावणार आहोत. खिडक्यांना ताडपत्र्या बांधायच्या म्हणजे दिवसाही दिसेल. मी बा खेळणार, दिपक वनशा खेळणार, आणि शेवटी ढाक. सगळं ठरलंय."

दिपक म्हणजे गावच्या तरुण मंडळाचा पुढारी. कुस्ती झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

"वनशा असा नव्हता," नवशी म्हणाली. "पोरगा होता तो. चांगला दिसायचा. पडल्यावरसुद्धा हसला होता."

"मला काय माहीत? फोटो कुठाय त्याचा?"

खरंच, फोटो कुणाचाच नव्हता. रात्री तिला झोप लागली ती तुटक तुटक. सकाळी मिथुन कामावर गेल्यावर तिनं चांगलं लुगडं नेसलं, मिथुननं टाकून दिलेला पण फोटो निघणारा फोन पिशवीत घातला आणि टमटमनं डहाणू गाठलं. तिथून तलासरीची एसटी, तिथून उधव्याकडं जाणारी जीप. एकटी एवढ्या लांब ती कधी आली नव्हती. जीपवाल्याला "वनशा पैलवान" म्हटल्यावर कळेना, "टोपल्यावाला वनशा" म्हटल्यावर कळलं.

वनशा घरापुढं बांबूच्या कामट्या काढत बसला होता. केस पांढरे झालेले, पण अंग तसंच सडपातळ. शेजारी त्याची बायको जिवली सूप वळत होती. नवशीनं नाव सांगितलं तेव्हा त्याचा कोयता हातातच राहिला.

"बाळ्याची नवशी?" तो म्हणाला. "त्याचं झालं ते कळलं होतं मला. यायला पाहिजे होतं, वहिनी. आलो नाही."

जिवलीनं पाणी दिलं. नवशीनं गेमचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, टकल्या राक्षसाचं सांगितलं. राक्षसावर जिवली इतकी हसली की तिला ठसका लागला. वनशा मात्र हसला नाही.

"शेवटी ढाक, म्हणजे मी पडणार."

"पडलाच होतास ना?"

"पडलो होतो. इथले लोक म्हणतात, कैनाडच्या पंचांनी घाई केली. म्हणू देत. पाठ माझी होती, मातीला लागली ते मला ठाऊक. पण वहिनी, तो ढाकेवर आला कसा ते मला आजपर्यंत कळलं नाही. हात माझ्या ताब्यात होता त्याचा. तेवढ्यासाठी परत लढायचं होतं."

"मी अडवलं त्याला."

"ते पण ठाऊक आहे. तुझ्या भावाचं ऐकलं होतं." त्यानं कामटी पुन्हा हातात घेतली. "राग आला होता मला. बाळ्याचा नाही, तुझा."

"अहो, पाहुणी आहे ती," जिवली म्हणाली.

"असू दे," नवशी म्हणाली. "आला असेल. मी परत तसंच करीन."

वनशानं तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. ते हसणं तिनं लगेच ओळखलं. तिनं घाईघाईनं फोन काढला, त्याचा एक फोटो घेतला, तो हलला म्हणून दुसरा घेतला. निघताना तो तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला.

"हनुमान जयंतीला मी येतो," तो म्हणाला. "पण ठरवून पडायला नाही येणार. माझा वनशा मी खेळीन. खरी लावा. बाळ्याला कोण खेळणार?"

"मी," नवशी म्हणाली.

जीप सुटल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. तलासरी येईपर्यंत ती पिशवीचे बंद गाठी मारून सोडत राहिली. मिथुन आहे, नविन आहे, कारखान्यातली एवढी पोरं आहेत. आपल्या तोंडून 'मी' का आलं? मग तिच्या मनानं घेतलं, बाळ्याला मैदानातून उठवलं मी. आता परत उतरवायचा तर दुसऱ्या कोणाच्या हातानं का?

मिथुन आधी हसला, मग वैतागला, मग आईचं तोंड बघून कबूल झाला. दिपक घरी येऊन समजावून गेला, "काकी, लोक जिंकलेली कुस्ती बघायला येणार आहेत." नवशीनं त्याला चहा दिला आणि बाकी काही दिलं नाही.

आणि ती शिकायला बसली. हातात धरून खेळायचं यंत्र तिच्या दृष्टीनं रिमोटच, पण टीव्हीच्या रिमोटसारखा गरीब नव्हता. दोन्ही अंगठ्यांनी दोन दांड्या फिरवायच्या, वरून बोटांनी दाबायचं, आणि बटणांकडं न बघता टीव्हीकडं बघायचं. पहिल्या दिवशी तिचा बाळ्या दोरांत अडकून गोल गोल फिरला. दुसऱ्या दिवशी पंचालाच धरून पाडला. डाळ करपली, शेळी सोडायची राहिली, वाणगावहून योगितानं फोन केला तर "मग बोल, मी कुस्तीत आहे" म्हणून ठेवून दिला. मिथुननं फोटो बघून वनशा नव्यानं बनवला आणि त्याला तरुण केला. आता दोघं समोरासमोर उभे राहिले की नवशी रिमोट खाली ठेवायची, विहिरीवर जाऊन तोंड धुवायची आणि परत यायची.

ढाकेसारखा एक डाव त्यात होता. आधी पकडायचं, मग दांडी मागं ओढून बटण दाबून धरायचं, आणि समोरचा दमला असेल तरच तो लागायचा. घाई केली की सुटायचं. नवशीची नेहमी घाईच व्हायची.

हनुमान जयंतीला वनशा नि जिवली सकाळीच पोचले. मारुतीला नारळ फोडला, मग मिथुननं वनशाला घरी नेऊन रिमोट हातात दिला. वनशानं तो उलटासुलटा केला, नाकाजवळ नेला. थोड्याच वेळात त्याची बोटं चालायला लागली तशी नवशी बघत राहिली. जन्मभर कामट्या वळवलेली बोटं ती. न बघता काम करायची त्यांना सवय होती.

समाजमंदिर गच्च भरलं होतं. ताडपत्र्यांमुळं आत अंधार नि उकाडा. पुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीवर नवशी, एकीवर वनशा. पडद्यावर बाळ्या आला तेव्हा म्हातारी माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी खरी हलगी आणली होती, ती कडाडली. नवशीच्या हातांना घाम फुटला. तिनं तो लुगड्याला पुसला, परत फुटला.

सुरुवातीला हसूच झालं. दोघं पैलवान एकमेकांना चुकवून पलीकडं जात होते, हवेत हात मारत होते. "काकी, इकडं, इकडं!" पोरं ओरडत होती. मग एकदा पकड बसली आणि हसणं थांबलं. नवशीनं बाळ्याला रेटलं, वनशानं सुटका केली. वनशानं पायाला हात घातला, नवशीनं बटणं बडवून पाय सोडवला. तिला समाजमंदिर दिसेनासं झालं. शेजारी वनशाचा श्वास ऐकू येत होता, जोराचा, खऱ्या कुस्तीत असावा तसा. एकदा तर तिनं मान नि हात अगदी आवळला. ढाक लागणार म्हणून सगळी माणसं ओरडली. तिनं बटण दाबलं, आणि क्षणभर आधीच दाबलं. वनशा निसटला, खाली वाकला, बाळ्याला कमरेतून उचलला आणि पाठीवर आपटला.

बाळ्या पडला.

पंच आडवा होऊन हातानं ओटा बडवू लागला; तीन मोजेपर्यंत उठला नाही तर हार. एक. नवशी सगळी बटणं एकदम दाबत होती. "ऊठ," ती म्हणाली. दोन. "ऊठ की रे!" तिला कळलंच नाही की ती मोठ्यानं ओरडते आहे, सगळ्या गावापुढं, नवऱ्याला अरे म्हणून. तीन.

हलगी गप्प झाली. मागून कोणी म्हणालं, "हे खोटं आहे." कोणी म्हणालं, "बंद करा." दिपक पुढं धावत आला. "मंडळी, ही नुसती सरावाची होती. आता मिथुन नि मी खरी लावतो."

"सरावाची नव्हती," नवशी म्हणाली. ती उभी राहिली होती. "हीच खरी होती. पडला तो. माझ्या हातून पडला."

मागं कुजबुज चालूच राहिली. ती वनशाकडं वळली. "परत लाव."

वनशानं रिमोट खुर्चीवर अलगद ठेवला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. "आज नको, वहिनी. उधव्याची शेवटची जीप जाईल."

"एकच."

"नको." तो हसत होता, त्या पडलेल्या पोरासारखाच. "सत्तावीस वर्षांनी पाठ सुटली माझी मातीतून. आज घरी जाऊ दे मला."

तो गेला. लोकही पांगले. एक म्हातारा मात्र काठी टेकत जवळ आला आणि म्हणाला, "पोरी, बाळ्यानंही त्या दिवशी दोनदा घाई केली होती. तिसऱ्यांदा थांबला." एवढं बोलून तोही गेला.

त्यानंतरचे दिवस नवशीला कसे काढावे ते कळेना. राबाचा पाला रचताना तिचे अंगठे आपोआप हलायचे. मिथुनशी खेळून ती जिंकायला लागली. पण मिथुनला पाडून तिचं भागेना. थांबायचं किती, कुठपर्यंत, ते वनशासमोरच कळणार होतं. वनशाला निरोप धाडायचा तर कोणत्या तोंडानं? ह्या घरानं त्याचे निरोप तीनदा परत पाठवले होते. शेवटी निरोपाचा नादच तिनं सोडला. मिथुनच्या सुट्टीच्या दिवशी तिनं गेमचा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि त्याच्या मोटरसायकलवर मागं बसली.

"अगं, त्यांना विचारलं तरी का?" मिथुन म्हणाला.

"नाही म्हणाला तर परत येऊ. चल."

वनशा नाही म्हणाला नाही. त्याच्या घरचा टीव्ही लहान होता, वीज दोनदा गेली, तरी दुपारभर कुस्ती चालली. पहिली वनशानं मारली. दुसरीत नवशीनं बाळ्याचा एक हात वनशाला धरू दिला, तो जवळ आला तशी त्याची मान नि हात आवळला आणि थांबली. दात ओठांवर रोवून, वनशाचा पैलवान दोनदा धडपडेपर्यंत थांबली, आणि मग बटण दाबलं ते सोडलं नाही. पाठ ओट्यावर आपटल्याचा आवाज लहानशा टीव्हीतूनही चांगला मोठा आला.

"असा आला होय तो!" वनशा खुर्चीतून उठलाच. "हात त्यानं मुद्दाम दिला होता माझ्या ताब्यात! मला वाटलं मी धरला!" तो अंगणात गेला, दोन येरझाऱ्या घातल्या, परत आला, रिमोट उचलला. "परत लाव, वहिनी."

"लाव," नवशी म्हणाली. तिचीही बैठक मोडली होती; ती उभ्यानंच खेळायला लागली.

जिवलीनं भात वाढून ठेवला होता तो गार झाला. तिनं दोनदा हाका मारल्या. मग ती आत आली, मिथुनच्या शेजारी बसली, टीव्हीत घामानं चमकणाऱ्या आपल्या तरुण नवऱ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मिथुनला म्हणाली, "पोरा, ह्याला जेवायला उठवायचं बटण कोणतं आहे?"